वायोमिंगच्या माळावर आणि डोंगरात कायोटीची शिकार: पहिल्या हंगामासाठी काय तयारी लागते?

सह्यकन्या_फोर्टकॉलिन्स

नमस्कार मंडळी. आम्ही दोघं कोलोरॅडोत फोर्ट कॉलिन्सला राहतो. व्हीटलंडजवळच्या एका ओळखीच्या रँचवाल्याने या हिवाळ्यात कायोटी (कोल्ह्या-लांडग्याच्या कुळातलं जनावर) मारायला बोलावलं आहे. त्याच्याकडे मेंढ्या आहेत आणि वेताच्या आधी त्याला कायोटींचा त्रास कमी करायचा आहे. जमीन दोन तऱ्हेची आहे. पूर्वेला सपाट गवताळ माळ, मध्ये कोरडे ओघळ आणि गुडघाभर सेजब्रशची झुडपं. पश्चिमेला लॅरमी रेंजचा पायथा, म्हणजे घळी, सोंडा आणि पाँडेरोसा पाइनची झाडी. बंदूक त्याचीच मिळेल, .२२३ बोल्ट ॲक्शन. आम्ही दोघांनीही एनसीसीत .२२ वर नेमबाजी केली आहे, शिकार कधीच केलेली नाही.

माळावर आवाज देऊन कायोटी बोलवायची तर बसायचं कुठे आणि किती वेळ? डोंगरात हेच तंत्र चालतं का? आणि मी एच-१बीवर, नवरा एच-४वर आहे, तर कायद्याच्या बाजूने काय बघायचं?

बोझमनकर

आधी कायद्याचं, कारण तुमच्या बाबतीत ते सगळ्यात महत्त्वाचं आहे.

वायोमिंगात कायोटी 'प्रीडेटरी ॲनिमल' वर्गात मोडतो. त्याला वर्षभर मोकळीक आहे आणि परवाना लागत नाही. रँचवाला तुम्हाला हेच सांगेल आणि त्याच्यापुरतं ते बरोबरही आहे. पण एच-१बी, एच-४ सारख्या तात्पुरत्या (नॉन-इमिग्रंट) व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला फेडरल कायद्याने मनाई आहे. त्यातून जे थोडे अपवाद आहेत, त्यातला तुमच्या कामाचा एकच: अमेरिकेतल्या राज्याने दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना. म्हणजे कायोटीसाठी परवाना लागत नसला तरी बंदूक हातात धरण्यासाठी तो तुम्हाला लागतो. एच-४ वाल्यालाही स्वतःच्या नावाचा हवा.

मालक शेजारी उभा असला, बंदूक उसनी असली, तरी 'जवळ बाळगणं' होऊ शकतं. नेमबाजीच्या रेंजवर भाड्याने घेतलेल्या बंदुकीलाही हेच लागू. त्यामुळे क्रम असा ठेवा: आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स (कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ नंतर जन्मलेल्यांना तो सक्तीचा आहे), मग परवाना, मग रेंजवर सराव, मग शिकार. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपतो, आणि घरात उरलेली काडतुसंसुद्धा त्यात येतात. परवान्याची प्रत कायम जवळ ठेवा. व्हिसाचं प्रकरण अर्धवट अवस्थेत असेल तर इमिग्रेशन वकिलाला एकदा विचारून घ्या.

दुसरं, जमीन. वायोमिंगात खाजगी जमिनीवर शिकारीला जायचं तर परवानगी लागतेच, तिथे पाटी लावलेली असो वा नसो. त्या भागात खाजगी, राज्याची आणि बीएलएमची (केंद्र सरकारच्या जमीन खात्याची) जमीन बुद्धिबळाच्या पटासारखी मिसळलेली आहे. फोनवर कोणती जमीन कोणाची ते दाखवणाऱ्या ऑनएक्स ॲपचा नकाशा उतरवून ठेवा, कारण घळीत रेंज नसते. दोन सरकारी चौकोन फक्त कोपऱ्याला मिळतात तिथे ओलांडून जाण्याचा वाद एल्क माउंटनच्या खटल्यात गाजला. २०२१ मध्ये मिसूरीचे शिकारी शिडी लावून कोपरा ओलांडून गेले होते. २०२५ मध्ये दहाव्या सर्किट कोर्टाने (केंद्रीय अपील न्यायालयाने) त्यांच्या बाजूने निकाल दिला. पण खाजगी जमिनीला पाय न लावता जाणं, हा त्या निकालाचा गाभा आहे. पहिल्या हंगामात त्या भानगडीत न पडता रँचच्या हद्दीतच राहा. सार्वजनिक रस्त्यावरून किंवा रस्त्यापलीकडे गोळी झाडणं गुन्हा आहे, मग कायोटी तारेपलीकडे कितीही निवांत बसलेला असू दे.

माळवारा

ताई, माळाचं मी सांगतो. बहुतेक नवखे लोक आवाजाच्या यंत्रावर पैसे आणि डोकं खर्च करतात. माळावर शिकार फसते ती तुम्ही जागेवर पोचेपर्यंतच. तिथला कायोटी मैलभरावरून गाडी ओळखतो.

गाडी उंचवट्याच्या मागे, खोलगटात लावा. दार आपटू नका, नुसतं टेकवा. तिथून ओघळाच्या तळाने तीनचारशे यार्ड चालत जा. धार ओलांडायची वेळ आली तर माथ्यावरून नको. खाचेतून किंवा झुडपाच्या आडोशाने ओलांडा आणि पलीकडच्या उतारावर थोडं खाली उतरून बसा. आकाशाच्या पार्श्वभूमीवर तुमची आकृती दिसली की त्या जागेचं काम झालं. बसताना झुडपाच्या पुढे बसा, मागे नाही. पाठीशी झुडूप असलं की तुमची बाह्यरेषा मोडते आणि समोरचं मोकळं दिसतं. सूर्य पाठीशी असेल तर उत्तम. आडवं झोपून नेम धरायचा विचार सोडा, सेजब्रशमुळे दिसणारच नाही. बसूनच, उंच बायपॉड (दोन पायांचा टेकू) किंवा तिकाटण्यावर बंदूक टेकवून. खाली जाड गादी हवी, गोठलेली जमीन आणि निवडुंग दोन्ही आहेत.

आता वारा. कायोटी आवाजाच्या दिशेने सरळ येतो, पण शेवटच्या दीडदोनशे यार्डांत तो वळसा घालून वाऱ्याखाली जायला बघतो, वास घेऊन खात्री करायला. ही सवय गृहीत धरूनच मांडणी करायची. समजा वारा पश्चिमेचा आहे आणि कायोटी उत्तरेकडून येण्याची शक्यता आहे. तुम्ही उत्तरेकडे तोंड करून बसा. ई-कॉलर (आवाज काढणारं यंत्र) तुमच्या डाव्या हाताला, म्हणजे वाऱ्यावरच्या बाजूला, पन्नासेक यार्डांवर आणि तीसेक यार्ड पुढे ठेवा. कॉलरचा वास घ्यायला कायोटी त्याच्या पूर्वेला वळतो, तेव्हा तो तुमच्या समोरून जातो आणि तुमचा वास वाहतो त्या पट्ट्यात अजून शिरलेला नसतो. बार त्याच वेळी. दोघं आहात, तर दुसऱ्याने ऐंशी-शंभर यार्ड पूर्वेला बसून वाऱ्याखालची बाजू सांभाळावी. कोणी कुठून कुठपर्यंत गोळी झाडायची हे बसण्याआधी बोटाने दाखवून ठरवा. मधल्या पट्ट्यात कोणीच झाडायची नाही.

आवाजाचा क्रम: बसल्यावर दोन-तीन मिनिटं काहीच नाही. मग अगदी हळू, उंदराची चिवचिव किंवा कॉटनटेल सशाचा आवाज. जवळच्या ओघळात कायोटी असेल तर मोठ्या आवाजाने तो बिचकून पळतो. दोन मिनिटांनी जॅकरॅबिटचा (मोठ्या सशाचा) आक्रोश, आवाज चढवत. मध्ये मिनिट-दोन मिनिटं शांतता. शेवटच्या चार-पाच मिनिटांत कायोटीच्या पिल्लाचा कळवळा. तो वर्षभर चालतो, पोट भरलेला कायोटीसुद्धा त्याला येतो. एकूण पंधरा ते वीस मिनिटं. पुढची जागा किमान मैलभर लांब, वारा पडला असेल तर दीड-दोन मैल, कारण आवाज दूर गेलेला असतो.

कायोटी दिसला की हात यंत्राकडे नाही, बंदुकीकडे. तो खोलगटात उतरेल किंवा झुडपामागे जाईल तेव्हाच हला. तो उघड्यावर असताना मान वळवलीत तरी त्याला कळतं. यायचा थांबत नसेल तर तोंडाने एकदा 'वुफ्' असा भुंकल्यासारखा आवाज काढा. तो क्षणभर उभा राहतो. नेम आधीच लागलेला असेल तरच हे करा. आणि पहिला बार झाला की उठू नका, लगेच पिल्लाचा कळवळा लावा आणि पाच मिनिटं बसून राहा. थंडीत ते जोडीने फिरतात.

सह्यकन्या_फोर्टकॉलिन्स

खूप आभार दोघांचेही. परवान्याचं माहीतच नव्हतं, कोर्सला आजच नाव घालते. माळवारा दादा, तिथे वारा सतत असतो. किती वाऱ्यापर्यंत बसण्यात अर्थ आहे? आणि .२२३ ने किती लांब मारावं?

ग्रेनचं_गणित

.२२३ ला ५५ ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप) वजनाची व्ही-मॅक्स किंवा तत्सम पातळ कवचाची गोळी घ्या. नळीतून ती सेकंदाला साधारण ३२०० फुटांनी निघते. २०० यार्डांवर शून्य केली, म्हणजे त्या अंतरावर नेम आणि गोळी जुळवली, तर १०० वर दीड-पावणेदोन इंच वर लागते आणि ३०० वर सात-आठ इंच खाली. हे आकडे कागदावरचे. रँचवाल्याची बंदूक कुठल्या काडतुसावर शून्य केली आहे ते विचारा आणि त्याच पेटीतली घ्या, वजन बदललं तर नेम बदलतो.

खरा प्रश्न आडव्या वाऱ्याचा आहे. ताशी १० मैल आडवा वारा ही गोळी २०० यार्डांवर चारेक इंच ढकलतो, ३०० वर नऊ-दहा इंच. २० मैलांना दुप्पट. कायोटी दिसतो मोठा, पण ते सगळे केस. पाठीपासून छातीपर्यंत आठ-नऊ इंच, आणि जिथे गोळी बसायला हवी तो भाग चार-पाच इंचांचा. म्हणून पहिल्या हंगामात २०० यार्ड ही मर्यादा धरा, जोराच्या वाऱ्यात १२५ ते १५०. जास्त वेगाची .२२-२५० असती तर थोडं पुढे सरकता आलं असतं. रेंजफाइंडरने (अंतर मोजायच्या यंत्राने) बसल्या बसल्या तीन-चार खुणा मोजून ठेवा: कुंपणाचा खांब, पांढरा दगड, ओघळाचा काठ. कायोटी आल्यावर मोजायला वेळ नसतो.

वारा ताशी १५ मैलांच्या वर गेला की आवाज वाऱ्याच्या विरुद्ध फार जात नाही. तेव्हा उघड्यावर बसू नका. कायोटी ओघळाच्या आडोशाच्या उतारावर उन्हात पडलेले असतात, तिथे जवळ जाऊन आवाज द्या आणि जागा अर्ध्या मैलावर बदला. २५ मैलांच्या वर घरी बसावं हे बरं. गोळीचा भरवसा राहत नाही आणि जखमी जनावर माग न लागता निघून जातं.

गोळी कुठे थांबणार, हे प्रत्येक वेळी बघा. माथ्यावर, आकाशाच्या रेषेवर उभा असलेला कायोटी कधीही मारायचा नाही. गोठलेली जमीन गोळी उडवते आणि पलीकडे गुरं, घर, रस्ता काहीही असू शकतं.

घळवाट

डोंगरात तंत्र तेच, पण माळावर वारा एका दिशेने वाहतो आणि डोंगरात हवा दिवसातून दोनदा उलटते, हा फरक नीट समजून घ्या. रात्री गार झालेली हवा घळीतून खाली वाहत असते. सकाळी ऊन उतारावर पडलं की तासा-दोन तासांत ती वर चढायला लागते. संध्याकाळी सावली आली की पुन्हा खाली. म्हणून भल्या पहाटे उतारावर खाली बसा आणि वरच्या कायोटींना बोलवा, तुमचा वास तळाकडे जाईल. ऊन चांगलं तापल्यावर वर चढून बसा आणि खालच्यांना बोलवा. मधला तास-दीड तास हवा गोल फिरत राहते, तेव्हा कुठेही बसलं तरी वास पोचतो. तो वेळ जागा बदलायला आणि डबा खायला ठेवा. बारीक पावडरीची छोटी बाटली मिळते, ती दाबली की हवा कुठे जाते ते दिसतं. दर पाच मिनिटांनी दाबून बघा. ढगाळ दिवशी किंवा वरून जोरदार वारा असेल तर हे वेळापत्रक मोडतं, तेव्हा बाटलीवर विश्वास ठेवा.

कायोटी कुठे असतात? हिवाळ्यात खोल बर्फात ते राहत नाहीत. हरणं आणि एल्क खाली उतरतात तिथे तेही उतरतात. दक्षिणेकडे तोंड असलेले, वाऱ्याने बर्फ उडालेले उतार, माउंटन महोगनीची झुडपं, झाडी संपून गवत सुरू होतं ती किनार, हे धरा. सोंडेच्या टोकावर बसलात तर दोन्ही घळी दिसतात.

आवाज कमी ठेवा. खडकांवर तो आपटून चारी बाजूंनी घुमतो आणि कायोटीला नेमकी दिशा कळत नाही. तो थांबत, ऐकत येतो. त्यामुळे वीस मिनिटांत उठू नका, अर्धा तास द्या. पुढची जागा मात्र सोंड ओलांडून अर्ध्या मैलावर असली तरी चालते, मधला डोंगर आवाज अडवतो. इथे टप्पा कमी असतो, बरेच कायोटी शंभर यार्डांच्या आत झाडीतून अचानक बाहेर येतात. स्कोप सगळ्यात कमी मॅग्निफिकेशनवर ठेवून बसा, नाहीतर काचेत नुसते केस दिसतात.

चढ-उतारावर मारताना रेंजफाइंडरचं सरळ अंतर फसवतं. ३० अंशांच्या कोनात ३०० यार्ड दिसत असतील तर गोळीच्या घसरणीसाठी २६० धरायचे. वर मारा वा खाली, दोन्हीकडे गोळी अपेक्षेपेक्षा वरच लागते. तुमच्या २०० यार्डांच्या मर्यादेत फरक फार नाही, पण माहीत असावा.

सशाचा आवाज ऐकून माउंटन लायनही (प्यूमा) येतो आणि तो आवाज न करता येतो. पाठ नेहमी मोठ्या खडकाला किंवा जाड बुंध्याला लावून बसा. दिसला तर उभे राहा, मोठ्याने बोला, मागे सरका, पाठ फिरवू नका. तो मारायला वेगळा परवाना लागतो. उतार ३० ते ४५ अंशांचा असेल आणि वर बर्फ साचलं असेल तर त्याच्याखालून किंवा त्यावरून जाऊ नका. कोणता रस्ता, परत किती वाजता, हे रँचवाल्याला सांगून निघा.

बोझमनकर

ओळखीबद्दल एक लिहायचं राहिलं. मिशिगनमध्ये २०२४ च्या जानेवारीत कॅलहून काउंटीत एका शिकाऱ्याने 'मोठा कायोटी' समजून ८४ पौंडांचा करडा लांडगा मारला. तुमच्या भागातला कायोटी बहुधा २५ ते ३५ पौंडांचा असतो. कान मोठे आणि टोकदार, नाकाड निमुळतं, धावताना शेपूट खाली. लांडग्याचं तोंड रुंद, कान आखूड आणि गोलसर, पाय लांब. ठसा कायोटीचा अडीच इंच, लांडग्याचा साडेचारच्या आसपास. कोलोरॅडोत डिसेंबर २०२३ पासून लांडगे सोडले आहेत आणि त्यांना राज्याची सीमा कळत नाही. कोलोरॅडोत त्यांना पूर्ण संरक्षण आहे, चूक झाली तर मोठा दंड आणि तुरुंग. तुमच्या व्हिसाला तर ते झेपणारच नाही.

आणि मेंढ्या आहेत म्हणजे राखणीची कुत्री असतील, ग्रेट पिरेनीज किंवा तसली. ती रात्रंदिवस कळपाबाहेर फिरतात आणि आवाज ऐकून धावत येतात. मालकाला त्यांची संख्या, रंग आणि त्या दिवशीचा कळपाचा ठिकाणा विचारल्याशिवाय बसू नका. शेजाऱ्याचीही कुत्री विचारा.

मेंढवाडा_नेब्रास्का

रँचवाल्याचा हेतू मेंढ्या वाचवण्याचा आहे, म्हणून हे लिहिते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आवाजाला भराभर येतात ती बहुतेक त्या वर्षीची पिल्लं, आईबापांपासून सुटून फिरणारी. ती मारून सोपं यश मिळतं, पण मोकळ्या जागेत दुसरी येतात, आणि संख्या घटली की उरलेल्या माद्यांना पिल्लंही जास्त होतात. कोकरांना धोका मुख्यतः त्या कुरणात ठाण मांडलेल्या जोडीचा, कारण एप्रिल-मेमध्ये त्यांना पिल्लांना भरवायचं असतं. जानेवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंत, वेताच्या कुरणाभोवतीच बसा. तेव्हा माजाचा काळ असतो, जोडी आपली हद्द राखते. सशाच्या आवाजाऐवजी सुरुवातीला एका कायोटीची लांब हाक लावा आणि मग पाच-सात मिनिटं पूर्ण शांत. उत्तर आलं तर जोडी कुठे आहे ते कळलं. अशा वेळी ती भुंकत, थांबत येते, घाई करू नका. जिथे मेंढ्या मरतच नाहीत त्या कुरणातल्या जोडीला हात लावू नये असं माझं ठाम मत आहे. मेंढ्यांच्या वाट्याला न जाणारी जोडी आपल्या हद्दीत दुसऱ्या कायोटींना शिरू देत नाही.

कातड्याचं: केस सर्वांत दाट नोव्हेंबरअखेर ते जानेवारी, फेब्रुवारीत घासून विरळ होतात. कॅनडा गूज या कोट बनवणाऱ्या कंपनीने जून २०२१ मध्ये फर बंद करण्याचं जाहीर केलं तेव्हापासून कोटाच्या कॉलरसाठीची मोठी मागणी गेली, त्यामुळे पैशाच्या आशेने करू नका. तरी सोलणार असाल तर जनावर ऊबदार असतानाच सोला, गोठल्यावर हाल होतात. मागच्या पायांच्या आतून टाचेपासून टाचेपर्यंत चीर, मग मोज्यासारखं उलटं ओढत डोक्यापर्यंत. शेपटीतलं हाड ओढून काढा आणि शेपूट खालून टोकापर्यंत चिरा, नाहीतर सडते. चरबी खरवडून, कातडीची बाजू बाहेर ठेवून फळीवर ताणा. हाताला चिकटसर लागली की लगेच उलटून केस बाहेर. उशीर केला तर ती कडक होते आणि उलटताना फाटते.

हातमोजे रबरीच, आणि दुहेरी. टुलरेमिया (जीवाणूंचा आजार), पट्टकृमी आणि प्रेअरी डॉगच्या (बिळात राहणाऱ्या खारीच्या) वसाहतीजवळ पिसवांतून प्लेगसुद्धा लागतो. जनावर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिसवा मारल्याशिवाय गाडीत ठेवू नका. केस गळलेला, कातडी जाड आणि खपलीदार असा खरजेचा कायोटी सोलायचाच नाही. मालकाला दाखवा आणि त्याने सांगितलेल्या जागी पुरा.

सह्यकन्या_फोर्टकॉलिन्स

सगळं उतरवून घेतलं. शेवटचा प्रश्न: उणे पंधरा-वीस सेल्सिअसला बंदुकीची काय काळजी घ्यायची? आणि काहीच आलं नाही तर उठून सरळ निघायचं का?

ग्रेनचं_गणित

बोल्टमधलं तेल पूर्ण पुसून काढा. थंडीत ते घट्ट होतं, फायरिंग पिन सावकाश जाते आणि नुसता 'टक्' होतो. कोरडं ग्रॅफाइट लावा किंवा काहीच नको. नळीच्या तोंडावर इलेक्ट्रिकची चिकटपट्टी लावली की बर्फ आत जात नाही, गोळी तिच्यातून निघून जाते आणि नेमाला फरक पडत नाही. रात्री बंदूक रिकामी करून केससकट घरात घ्या आणि केस लगेच उघडू नका, गार धातूवर पाणी धरतं आणि सकाळी ते गोठतं. स्कोपच्या काचेवर श्वास सोडू नका, तोंडावरचा कपडा नाकाखाली नीट बसवा. रेंजफाइंडर आणि कॉलरच्या जादा बॅटऱ्या आतल्या खिशात.

माळवारा

निघायची वेळ झाली की यंत्र बंद करा आणि आणखी तीन-चार मिनिटं बसा. उठण्याआधी दुर्बिणीने वाऱ्याखालची बाजू सावकाश बघा; उशिरा आलेले तिथेच उभे असतात आणि तुम्ही उठताच पळतात. मग कॉलर आणायला जाताना त्याच्या वाऱ्याखालच्या बाजूला दीडदोनशे यार्डांवर अर्धवर्तुळ चालून बर्फात ताजे ठसे बघा. वळसा घालून परत गेलेले ठसे दिसले तर तो आला होता आणि त्याला वास लागला, पुढच्या वेळी बैठक हलवा. ठसे नसतील तर जागा रिकामी होती. दोन्ही बाबतीत त्या जागी दोन-तीन आठवडे पुन्हा आवाज देऊ नका, आणि दिल्यावर आवाज वेगळा असू द्या.